शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि संचालकांचे कर्तव्य

अलीकडे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी सात-बाराचा उतारा व सोसायटीचे पासबुक यांच्या जोडीस आणखी एक कागद येऊन बसला आहे. तो म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीच्या भागाचा दाखला होय. प्रा. योगिंदर अलघ यांच्या समितीने केलेल्या शिफारशीस अनुसरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, व फेब्रुवारी २००३ पासून शेतकऱ्यांस केवळ आपल्याच मालकीची कंपनी काढण्याची सोय झाली. २०२० च्या दुरुस्तीने हीच कलमे २०१३ च्या नव्या कायद्यात घालण्यात आली. त्याच वर्षी केंद्र सरकारने अशा दहा हजार संघटना उभारण्याची योजना हाती घेऊन तीसाठी ६,८६५ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारावी संघटना नोंदली गेल्याचे जाहीर झाले. ही संख्या लहान नव्हे. तथापि किती एकर पेरा झाला एवढे ऐकून कोणी शहाणा शेतकरी खळे सारवून ठेवीत नाही. उगवण कशी आहे, तण किती आहे, कीड लागली आहे काय, हे तो बांधावर जाऊन पाहतो. त्याच दृष्टीने या कंपन्यांच्या कारभाराकडे पाहावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

'कंपनी' हा शब्द आमच्या मुलखास नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर चाळीस वर्षे आमच्या वाडवडिलांनी कंपनी सरकारचाच सारा भरला. ती मुळात व्यापारी मंडळी. तिचे भागीदार विलायतेत, तिची सभा विलायतेत, आणि तिचा वसूल मात्र इंदापूर, बारामतीच्या रयतेपासून. प्रिंगल साहेबाने १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात बसविलेली साऱ्याची आकारणी इतकी जड झाली, की लोक जमिनी टाकून निघून गेले, आणि काही वर्षांतच गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापूर तालुक्याची मोजणी व आकारणी पुन्हा नव्याने करावी लागली. त्या कंपनीचे हिशेब व्यवस्थित नव्हते असे नाही. हिशेब तर ती फार बारकाईने ठेवी. दोष निराळा होता. ज्यांच्या कष्टांवर तिचा नफा उभा होता त्यांस तिच्या सभेत तोंड नव्हते, आणि त्यांचे बरेवाईट पाहणे हे आपले कर्तव्य आहे असे तिच्या संचालकांस वाटत नव्हते. आज कंपनी आमची आहे, सभा आमच्या गावात आहे, संचालक आमचे सोयरेधायरे आहेत. मग तो जुना दोष आपोआप गेला काय? आमच्या मते तो आपोआप जात नाही. प्रयत्नाने घालवावा लागतो.

व्यापारी संस्थेचा नफा कोणासाठी, असा प्रश्न हल्ली जगभर विचारला जात आहे. भाग विकत घेणारे तेवढे धनी, व त्यांची थैली भरणे एवढेच संचालकांचे काम, हे मत पुष्कळ दिवस चालले. आता असे मानू लागले आहेत, की माल देणारा, माल घेणारा, मजूर, कर्ज देणारी पेढी, शेजारचे गाव, तेथील पाणी व हवा, या सर्वांचे हित संस्थेच्या कारभाराशी बांधलेले असते. सबब ते सारे तिचे हितसंबंधी होत. आमच्या २०१३ च्या कायद्याच्या १६६ व्या कलमात हेच तत्त्व आले आहे. संचालकाने प्रामाणिक बुद्धीने वागून सर्व सभासदांचे, कंपनीचे, तिच्या नोकरांचे, समाजाचे व पर्यावरणाचे हित पाहावे, असे ते कलम सांगते. याखेरीज, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी रुपयांच्या घरात जातो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम लोकोपयोगी कामी खर्च केली पाहिजे, असेही बंधन १३५ व्या कलमाने घातले आहे. परंतु हा दोन टक्क्यांचा धर्म आम्हांस दुय्यम वाटतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा खरा प्रश्न आहे. काट्यात मारून मिळविलेल्या पैशातून देवळास घंटा वाहिली, म्हणून काटा खरा होत नाही.

शेतकऱ्यास तर हे तत्त्व परक्याकडून शिकण्याचे कारण नाही. खळ्यावर रास पडली म्हणजे ती घरात नेण्यापूर्वी सुतार, लोहार, चांभार, कुंभार या सर्वांचे बलुते बाजूस काढण्याची आमची वहिवाट होती. त्या पद्धतीत जातीजातींतील उच्चनीचता होती, कित्येकांच्या वाट्यास श्रम फार व दाणे थोडे येत, आणि ती पुन्हा यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु रास ही एकट्या धन्याची नसून तिला जे जे हात लागले त्या सर्वांचा तिच्यात वाटा आहे, आणि तो वाटा उघड्यावर, दहा माणसांदेखत मापून द्यावयाचा आहे, ही जी त्यातील समजूत, ती टाकून देण्याजोगी खचित नव्हे.

आता उत्पादक कंपनीचा कायदा पाहू. तो काळजीपूर्वक वाचणारे सभासद थोडे आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे. कारण सभासदांच्या हाती त्याने पुष्कळ शस्त्रे दिली आहेत. व्यक्तिशः सभासद झालेल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत भाग कितीही असोत, मत एकच. संचालक पाचांहून कमी व पंधरांहून अधिक नसावेत. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो, त्यास सभासदच होता येत नाही. आधी झाला असेल तर त्याचे सभासदत्व संपते. संचालकास अथवा त्याच्या नातलगास कर्जाऊ रक्कम द्यावयाची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी पाहिजे. सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी लेखी मिळाली पाहिजे, व तिच्यासोबत मागील सभेचे इतिवृत्त, तपासलेला ताळेबंद, नफातोट्याचे पत्रक व उमेदवारांची माहिती आली पाहिजे. एकूण सभासदांपैकी चौथा हिस्सा हजर असल्याशिवाय सभा भरली असे होत नाही. कायद्याविरुद्ध ठरावास मत देऊन कंपनीचे नुकसान करणारे संचालक ते भरून देण्यास एकत्र व वेगवेगळे जबाबदार ठरतात. राजकीय पक्षास कंपनीच्या पैशातून एक पैही देता येत नाही. इतके असूनही कित्येक ठिकाणी काय चालते? अध्यक्षाचेच खत-औषधांचे दुकान, आणि कंपनी माल घेते ती त्याच दुकानातून; संचालकाचा चुलतभाऊ अडत्या, आणि सभासदांचा कांदा जातो तो त्याच गाळ्यावर. सभेची नोटीस निघते ती वहीत; सह्या घेतल्या जातात त्या सभेनंतर घरोघर फिरून. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदाराने कोठे पाहावे?

आमचे काही मित्र म्हणतात, की माणसे सचोटीची निवडली म्हणजे झाले, नियमांचे काय एवढे? त्यांनी हैदराबादच्या सत्यम कंपनीचा इतिहास आठवावा. नामांकित विद्वान तिच्या संचालक मंडळात होते, जगप्रसिद्ध हिशेबतपासनीस तिचे हिशेब तपाशीत, आणि २००८ साली उत्तम कारभाराबद्दल तिला पारितोषिकही मिळाले होते. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की वहीत दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या शिलकेपैकी ५,०४० कोटी मुळी अस्तित्वातच नाहीत. आरंभी फरक थोडा होता, तो वर्षानुवर्षे झाकता झाकता डोंगराएवढा झाला, असा त्यांच्याच पत्राचा भावार्थ होता. लबाडीची चाल सर्वत्र अशीच असते. पहिल्या वर्षी तोटा झाला तो सभासदांस सांगण्याची लाज वाटली, म्हणून साठा थोडा वाढवून लिहिला. पुढच्या वर्षी तो वाढीव साठा खरा दाखविण्यासाठी आणखी लिहावा लागला. आमच्या लहान कंपनीत कोटींच्या जागी हजार असतील, पण वाट तीच आहे. नियम हे मनुष्य लबाड आहे असे समजून केलेले नसतात. भल्या मनुष्यास मोहाच्या वेळी आधार मिळावा व निष्कारण संशयापासून त्याचे रक्षण व्हावे, यासाठीही ते असतात.

आमच्या राज्यापुरते पाहावयाचे तर साखर कारखान्यांचा अनुभव आम्हांपुढे आहेच. विठ्ठलराव विखे पाटील व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. एक गावकरी शेतकरी व एक अर्थशास्त्रज्ञ यांची ती जोडी होती. एकाजवळ लोकांचा विश्वास, दुसऱ्याजवळ हिशेबाची शिस्त. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली दोन गावांच्या संस्था व दररोजचे २४७ लिटर दूध एवढ्यावर निघाला. तेथेही पुढे त्रिभुवनदास पटेल यांनी लोक सांभाळले व वर्गीज कुरियन यांनी धंदा. धोरण निवडून आलेल्यांनी ठरवावे, रोजचा कारभार जाणत्या नोकराने करावा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, हा धडा या दोन्ही संस्थांपासून घेण्यासारखा आहे. उत्पादक कंपनीच्या कायद्यानेही पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आहे, ते याचसाठी. त्यास संचालकाच्या घरचा कारकून करून ठेवले, म्हणजे कायद्याचे शब्द राहतात व जीव जातो.

परंतु त्याच साखरधंद्याची दुसरीही बाजू आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण हुकुमाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत दाम चुकते केले पाहिजेत. उशीर झाल्यास दरसाल शेकडा १५ प्रमाणे व्याज देणे आहे. हा नियम मोडून सभासदांस महिनोन् महिने तिष्ठत ठेवणारे कारखाने आमच्या वाचकांस माहीत नाहीत असे नाही. व्याज मागण्यास कोणी गेला तर 'कारखाना आपलाच आहे' असे उत्तर मिळते! आपला असेल, तर मग आपल्याच माणसाचे पैसे आधी द्यावयास नकोत काय? वार्षिक सभेत ठराव वाचून होण्यापूर्वीच 'मंजूर, मंजूर' अशी गर्जना होते, आणि प्रश्न विचारणारा गावाचा वैरी ठरतो. मालकी शेतकऱ्यांची असली म्हणजे कारभारही शेतकऱ्यांच्या हिताचाच होतो, हा भ्रम त्या गर्जनेत पुरता विरून जातो.

याहून गंभीर गोष्ट ऊस तोडणाऱ्यांची आहे. बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून नवरा-बायकोचा कोयता मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघतो व फडाच्या कडेस पालांत राहतो. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली तीवरून, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली होती. आजार आहे, रजा नाही, खाडा केल्यास दंड आहे, फडावर शौचालय नाही, न्हाणी नाही. अशा स्थितीत शरीराचा तो भागच काढून टाकावा असे ज्या स्त्रीस सांगण्यात येते व पटते, तिच्या हातून तोडलेल्या उसाची साखर आपण गोड म्हणतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पैसे कारखान्याचे. आणि ऊसवाला म्हणतो, मला तोड वेळेवर मिळाल्याशी काम. आम्ही स्पष्ट बोलतो: या तिघांपैकी कोणासही हात झटकता येत नाहीत, आणि ज्या कारखान्याचे मालक शेतकरी आहेत तेथे तर मुळीच नाही. व्यापाऱ्याने आमच्या मालास अन्याय्य भाव दिला म्हणजे आम्ही ओरडतो. आमच्याच संस्थेने आमच्याहून गरीब माणसास तसेच वागविले, तर आमच्या ओरडण्यास किंमत ती काय राहिली?

माल खाणाराही असाच हितसंबंधी आहे. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश आढळल्यामुळे युरोपातील बाजारात माल अडकला व बागाइतदारांस जबर नुकसान सोसावे लागले. माल अडला तो सर्वांचा. ज्यांची फवारणी चोख होती त्यांचीही त्यातून सुटका झाली नाही. खाणाऱ्याशी प्रामाणिकपणा हा अशा रीतीने शेजाऱ्याशी प्रामाणिकपणाही होतो. जमीन व पाणी यांचे तर सांगावयासच नको. मळीचे पाणी ओढ्यात सोडणारा कारखाना ज्या गावाची विहीर नासवितो, त्या गावातही त्याचे सभासदच राहतात.

येथे एक आक्षेप येतो, व तो विचारात घेण्यासारखा आहे. तीनशे सभासदांची लहान कंपनी, गोदाम भाड्याचे, खेळते भांडवल अपुरे; तिला आधी जगू द्या, धर्माच्या गोष्टी मागाहून सांगा, असे पुष्कळ संचालक कळकळीने म्हणतात. त्यांच्या अडचणी आम्ही जाणतो. शहरातील बड्या कंपनीस शोभणारी कागदपत्रांची आरास त्यांनी करावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु अशा कंपनीचे खरे भांडवल कोणते, याचा त्यांनी विचार करावा. सरकारची मदत तीन वर्षांची. सभासदाच्या भागाइतकी रक्कम दरडोई २,००० रुपयांपर्यंत व संस्थेस पंधरा लाखांपर्यंत मिळेल, पण तिलाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षे टिकणारे भांडवल एकच, व ते म्हणजे सभासदाने माल आपल्याच कंपनीकडे आणणे. तो केव्हा आणील? काटा खरा आहे, प्रत लावण्यात वशिला नाही, कपात कशाची ते पट्टीवर लिहिले आहे आणि पैसा सांगितल्या दिवशी मिळतो, अशी खात्री असेल तेव्हा. ही खात्री नसली म्हणजे खेडा खरेदीवाला व्यापारी दारात टेम्पो उभा करून रोख मोजतो व माल नेतो. मग कंपनीचे गोदाम रिकामे, ठरलेला सौदा पुरा होत नाही, खरेदीदार पाठ फिरवितो, आणि अखेरीस दारावरचा फलक तेवढा उरतो. म्हणून सचोटी ही नफ्यानंतर करावयाची गोष्ट नव्हे. या धंद्यात ती बियाण्याच्या जागी आहे.

या सर्व गोष्टी ध्यानी घेऊन आम्ही पुढील सूचना करतो. त्यांस खर्च फारसा नाही.

पहिली, खरेदीच्या दिवशी भाव, प्रत व कपाती फळ्यावर लिहाव्यात, आणि काटा कोणाही सभासदास तपासू द्यावा. भावाचा काही भाग मागाहून देण्याची मुभा कायद्याने कंपनीस आहे. परंतु तो किती, कशासाठी व केव्हा देणार, हे माल घेतानाच लेखी सांगावे.

दुसरी, संचालक व त्यांचे नातलग यांनी कंपनीशी केलेल्या प्रत्येक व्यवहाराची वेगळी वही ठेवावी, व ती वार्षिक सभेत वाचून दाखवावी. जो विषय ज्याच्या हिताचा, त्याने त्यावेळी उठून बाहेर बसावे.

तिसरी, पैसे देण्याची मुदत पोटनियमांत घालावी, व उशीर झाल्यास उसाप्रमाणे व्याज द्यावे.

चौथी, ताळेबंद मराठीत, साध्या भाषेत छापावा. हिशेबतपासनिसास सभेस बोलावून सभासदांच्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या तोंडून मिळू द्यावीत.

पाचवी, प्रतवारी, तोडणी, हमाली करणाऱ्या मजुरांची मजुरी, पाणी, सावली व शौचालय यांची व्यवस्था कंपनीने आपल्या ठरावात लिहावी. काम कंत्राटदाराकडून करून घेतले म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही असे मानावे.

सहावी, कायद्यात 'उत्पादक' म्हणजे शेतमालाच्या कामाशी संबंध असलेली कोणतीही व्यक्ती. सात-बारावर नाव असलेच पाहिजे असे त्यात नाही. तेव्हा शेतात राबणाऱ्या स्त्रियांस व कसणाऱ्या खंडकऱ्यांस सभासद करून घ्यावे, आणि संचालक मंडळात त्यांस केवळ सहीपुरते बसवू नये.

संचालकांस इतके सांगितल्यावर सभासदांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ओले सोयाबीन पोत्याच्या तळाशी घालणारा, भाव चढला की करार विसरणारा, अनुदानाच्या सभेस पहिल्या रांगेत व हिशेबाच्या सभेस घरी असणारा सभासद हा चांगल्या कारभाराची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? आंधळे दळते व कुत्रे पीठ खाते, असे आपण म्हणतो खरे. परंतु येथे दळणारा आंधळा नसून डोळे मिटून बसलेला आहे. प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. अध्यक्ष आपला मामा असला म्हणून त्यास हिशेब विचारू नये, हा मानपान लग्नात शोभतो. सभेत शोभत नाही.

कंपनी सरकारास जाब विचारण्याची सोय आमच्या वाडवडिलांस नव्हती. आम्हांस ती आहे. पुढील वार्षिक सभेची नोटीस हाती येईल तेव्हा आमच्या वाचकांनी ती कोनाड्यात टाकू नये. सोबत ताळेबंद आहे काय ते पाहावे. नसल्यास लेखी मागावा. सभेच्या दिवशी कामाचा खाडा करून जावे, शेजाऱ्यास बरोबर न्यावे, आणि उभे राहून तीनच गोष्टी विचाराव्यात: आमच्या मालाचे पैसे किती दिवसांत दिले, संचालकांशी कंपनीचे व्यवहार कोणते झाले, आणि आमच्यासाठी राबलेल्या मजुरास काय मिळाले. या तीन प्रश्नांची उत्तरे जी कंपनी न अडखळता देईल, तिचे भाग आमच्या वाचकांनी निःशंकपणे घ्यावेत. जी देणार नाही, तेथे सभासदांनी संचालक बदलावेत. मत एकास एकच आहे, आणि ते आपल्याच हाती आहे.